शिष्या व्हायचं, पण कोणाची?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

'मी 31 वर्षांची आहे, पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा, शब्बाथ शाळा, पुढे दृढीकरण, सगळं रीतसर झालं. दोन वर्षांपासून मी इथल्या एका प्रार्थना गटात जाते. पवित्र शास्त्र मनापासून वाचायला मी तिथेच शिकले. पण गटाच्या पुढारी ताई म्हणतात, तू विश्वासणारी आहेस, शिष्या अजून झालेली नाहीस. शिष्या व्हायचं तर रोजच्या दिवसाचा हिशोब त्यांना द्यायचा, शुक्रवारची आणि रविवारची सभा चुकवायची नाही, मोठे निर्णय त्यांना विचारूनच घ्यायचे. मला नाशिकला चांगली नोकरी मिळते आहे, त्या नको म्हणतात. दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या, वर आणखी द्यायला सांगितलं, म्हणून आईला दरमहा पाठवायचे ते 5 हजारांचे 2 हजार केले. आईला साखरेचा आजार आहे. नाताळला घरी जाऊ नकोस, तिथली मंडळी नावापुरती ख्रिस्ती आहे, असंही सांगतात आणि लूक 14 वाचून दाखवतात. तसंही घरी जावंसं वाटत नाही. वडील गेल्यावर भावाने घर आणि दोन एकर स्वतःच्या नावावर करून घेतलं. म्हणाला, तुझ्या नर्सिंगवर खर्च झाला तोच तुझा वाटा. चार वर्षं आमचं बोलणं नाही. ताई, ख्रिस्ताची शिष्या होणं म्हणजे नेमकं काय? मी आहे की नाही?'

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. तू ख्रिस्ताची शिष्या आहेस. त्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा झाला, त्याचं वचन तू वाचतेस, आणि ते वाचल्यापासून तुला पूर्वीसारखं स्वस्थ बसवत नाही. येशूशी ज्याला काही देणंघेणं नाही त्याला ही अस्वस्थता येत नाही.

विश्वासणारे खाली आणि शिष्य वर, अशी शिडी नव्या करारात मला कुठे दिसत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11 काढून बघ. अंत्युखियात शिष्यांनाच लोक पहिल्यांदा ख्रिस्ती म्हणू लागले. माणसं तीच, वेगळा वरचा वर्ग नव्हताच. आणि ज्या बारा जणांना येशूने स्वतः निवडलं ते तरी कसे होते? आपल्यात मोठा कोण यावर वाटेत भांडणारे. गेथशेमाने बागेत घटकाभर जागं राहायला सांगितलं तर झोपी गेले. अटक झाली तेव्हा सगळे पळाले, आणि पेत्राने तीनदा सांगितलं की हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. तरी रिकाम्या कबरेपाशी त्या स्त्रियांना निरोप मिळाला तो असा, की जाऊन त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचं नाव वेगळं घेऊन सांगितलं. ज्याने नाकारलं त्याचं शिष्यपण काढून घेतलेलं नव्हतं.

तेव्हा 'मी झाले की नाही' हा घोर सोडून दे. 'आज येशू मला काय सांगतो आहे आणि मी ते करते आहे का' हे विचार. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात एक ओळ आहे, मला ती फार मोलाची वाटते. त्याने बारा जण नेमले ते दोन गोष्टींसाठी: त्यांनी त्याच्याजवळ असावं, आणि त्याने त्यांना पाठवावं. जवळ असणं आणि पाठवलं जाणं, दोन्ही. तू वॉर्डात शिकलीस ते आठव. इंजेक्शन कसं द्यायचं हे पुस्तकात होतंच, पण हात बसला तो सीनियर सिस्टरच्या मागे मागे फिरून, तिच्या नजरेखाली करून, चुकलं तर पुन्हा करून. शिष्यपण तसंच अंगी येतं. लेवीला जकातीच्या नाक्यावरून उठवलं तेव्हा त्याच्या हाती कोणता अभ्यासक्रम दिला नाही; त्याच्याच घरी पंगत बसली आणि येशू कोणाबरोबर जेवतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

आता तुमच्या गटाच्या ताईंविषयी. त्यांनी तुला वचन वाचायला लावलं, त्याबद्दल तू ऋणी आहेस, तशीच राहा. कोणीतरी वडीलधाऱ्याने आपल्याला विचारावं, टोकावं, आपण आपली पापं एकमेकांजवळ कबूल करावीत, हे याकोबाच्या पत्रात सांगितलेलंच आहे. पण विचारपूस करणं वेगळं आणि ताबा घेणं वेगळं. मत्तय 23 मध्ये प्रभूने आपल्या शिष्यांना बजावलं की तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ-भाऊ आहात. कोणत्या शहरात नोकरी करायची यासाठी त्यांची परवानगी लागते असं जेव्हा त्या म्हणतात, तेव्हा त्या ज्या जागी बसतात ती जागा ख्रिस्ताची आहे. हे मी रागाने लिहीत नाही. त्यांचा हेतू चांगला असेल. पण चांगल्या हेतूनेही माणसं दुसऱ्याच्या मानेवर बसतात.

हे नवं नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात काही नावाजलेल्या शिक्षकांनी शिष्यत्वाची अशीच एक चळवळ चालवली. प्रत्येक ख्रिस्ती माणसावर एक मेंढपाळ, आणि लग्न, नोकरी, घर, पैसा सगळं त्याला विचारून. पुष्कळ घरं त्यात पोळली. पुढे त्यांच्यातल्याच बॉब ममफर्ड यांनी जाहीर माफी मागितली.

लांबचं उदाहरण नको असेल तर केडगावचं घे, तुझ्यापासून जवळच आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला होता. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. प्रेम खरं होतं. पण आपण सांगू तसंच आणि तेवढंच रमाबाईंनी मानावं असा आग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी लिहून कळवलं की मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून काढलं आहे, आता तसलंच दुसरं घ्यायला मी तयार नाही. परका देश, पदरी लहानगी लेक मनोरमा, आणि वय तुझ्याहून लहान. अशा स्थितीत लिहिलं आहे ते. मग पुढचं आयुष्य बघ. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा स्वतः जाऊन उपाशी मुली आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत उतरवण्याचं काम 1922 मध्ये मरेपर्यंत चालू ठेवलं. भगिनींचं प्रत्येक म्हणणं न ऐकणारी ही बाई ख्रिस्ताची आज्ञा मोडणारी होती, असं कोण म्हणेल?

तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त लागलं ते आईचे 3 हजार. याविषयी तर येशू इतका स्पष्ट बोलला आहे की मला काही समजावून सांगायची गरजच नाही. मार्क, अध्याय 7. परूश्यांमध्ये, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथात, एक रीत होती. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हटलं की आईबापांचा त्यावरचा हक्क संपला. वर पुण्यही मिळालं. येशू म्हणाला, तुम्ही आपल्या रूढीपायी देवाचं वचन रद्द करता. देवाच्या नावाने आईच्या औषधाला कात्री लावणं हे प्रभूला काय वाटतं, ते तिथे लिहिलेलं आहे. या महिन्यापासून आईचे 5 हजार पूर्ववत पाठव. कोणाला विचारू नकोस. गटाला द्यायला कमी पडलं तर पडू दे. आणि आईला फोन करून साखर किती आहे, इन्सुलिन की गोळ्या, पाय दाखवले का, हे नर्स म्हणून नीट विचार. मधल्या महिन्यांत तिने एखादी गोळी वगळली असेल तर ती आपणहून सांगणार नाही, तुला काढून घ्यावं लागेल.

'पण लूक 14?' असं तू विचारशील. आईबाप, भाऊबहिणी, स्वतःचा जीव यांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं तिथे येशू म्हणतो. वचन कठीण आहे आणि मी ते पातळ करणार नाही. पण ते बोलणारा वधस्तंभावर असताना, श्वास घ्यायचं बळ नसताना, काय करतो ते योहान 19 मध्ये आहे. खाली आई उभी आहे. तिला एका शिष्याच्या हवाली करतो, आणि त्या घडीपासून तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. आईला घरी नेणं हे त्या शिष्याला वधस्तंभापाशी मिळालेलं काम होतं. मग द्वेषाची ती भाषा कशासाठी? घर जेव्हा आडवं येतं, ख्रिस्ताचं ऐकू नकोस म्हणतं, तेव्हा घराचं ऐकायचं नाही, आणि त्याची किंमत मोजायची. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार फुटला. लक्ष्मीबाई कैक वर्षं नातलगांकडे राहिल्या. टिळकांनी पाऊल मागे घेतलं नाही आणि बायकोवर सक्तीही केली नाही. पुढे त्या नांदायला आल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लूक 14 ची खरी किंमत अशी असते. तुझी आई तुला येशूपासून ओढत नाहीये. ती फक्त आजारी आहे.

इथेच वधस्तंभाविषयी एक बोलून घेते, कारण आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गुडघेदुखी हा माझा वधस्तंभ, सासू हा माझा वधस्तंभ. त्याहून वाईट म्हणजे मारकुट्या नवऱ्याच्या बाईला मंडळीतलेच लोक सांगतात, उचल आपला वधस्तंभ. हे पाप आहे. ज्याविषयी प्रभू बोलला तो वधस्तंभ माणूस त्याच्या मागे गेल्यामुळे, सत्य बोलल्यामुळे, प्रेम केल्यामुळे येतो. कोणाच्या तरी क्रूरपणाला पवित्र नाव द्यायला तो नाही. तुझ्या बाबतीत तो कुठे आहे? पत्र दोनदा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुमच्या ताई ज्या गोष्टी मागतात त्यांत तो नाही. तो भावाच्या दारात आहे.

नाताळला घरी जाऊ नकोस हे ताईंचं म्हणणं तुला मनातून थोडं सोयीचंही वाटलं असेल. तुझ्या पत्रातच ते आहे: तसंही जावंसं वाटत नाही. मी दोष देत नाही. भावाने अन्यायच केला आहे. पण बघ, एका गटाने शिष्यत्वाच्या नावाखाली पुष्कळ मागितलं, आणि येशू जे मागतो नेमकं तेवढं राहून गेलं.

मत्तय 5 मध्ये आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलीस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा. मत्तय 18 मध्ये बरोबर उलटी स्थिती आहे: भावाने तुझा अपराध केला, तर तू जा, तो एकटा असताना त्याला त्याचा दोष दाखव. एकदा आपण अपराधी, एकदा तो. दोन्ही वेळा उठून जाणारा मात्र शिष्यच. चूक कोणाची हे ठरेपर्यंत बसून राहायची मुभा येशूने दिलेली नाही. मला तरी शिष्यपणाचा याहून अवघड धडा माहीत नाही.

जायचं म्हणजे जमीन सोडून द्यायची का? नाही. क्षमा करणं म्हणजे त्याचं खोटं खरं मानणं नव्हे. भाऊ म्हणतो नर्सिंगचा खर्च हाच तुझा वाटा, ते कायद्याला धरून नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर विधवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद नाही. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर आई, भाऊ आणि तू, तिघांना एकेक तृतीयांश. म्हणजे भावाने तुझंच नाही, आईचंही घेतलं आहे, आणि आईच्या वाट्याविषयी बोलणं हे तुझं कर्तव्यच आहे. सातबारा आणि फेरफार काढ, तू किंवा आईने कुठे हक्कसोडपत्रावर सही केली आहे का ते तपास, आणि ओळखीच्या वकिलाला कागद दाखव. हे सगळं करूनही मनात सूड नसणं शक्य आहे. सोपं नाही, पण शक्य आहे.

आणखी एक. लूक 12 मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू ती वाटणी करून देत नाही. उलट तिथल्या सगळ्यांनाच लोभापासून जपायला सांगतो. तो माणूस हक्काचं मागत नव्हता असं तिथे म्हटलेलं नाही. हक्काचं मागतानाही लोभ शिरतो, एवढं मात्र कळतं. म्हणून वाटणीची कागदपत्रं वकिलाकडे राहू देत, आणि भावाकडे पहिल्यांदा जाशील तेव्हा ती बरोबर नेऊ नकोस. पहिल्या भेटीत त्याच्या मुलांची चौकशी कर, आईचं औषधपाणी कोण बघतं ते विचार, आणि मग शांतपणे सांग की वडिलांच्या मागे तू जे केलंस त्याने मला दुखावलं, आणि मला हे आपल्या दोघांत मिटवायचं आहे. एवढंच. तो ओरडला तर ऐकून घे आणि परत ये. दुसऱ्या वेळी, मत्तय 18 मध्ये सांगितल्याप्रमाणे, एक-दोन माणसं घेऊन जा, मामा असतील किंवा गावचे पाळकसाहेब. गावच्या मंडळीला नावापुरती म्हणणं सोपं आहे. पण तुमच्या वडिलांची माती कोणी केली, आईजवळ कोण बसलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाताळला जा.

नाशिकची नोकरी? पगार, रजा, आईकडे जाणं-येणं, तिथल्या वॉर्डात तू किती उपयोगी पडशील, हे सगळं बघून आणि प्रार्थना करून तू ठरव. ताईंना कळव, परवानगी मागू नकोस. 'मी विचार आणि प्रार्थना करून असं ठरवलं आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा' इतकं पुरे. त्यांनी आनंदाने निरोप दिला तर नातं टिकव. त्यांनी शाप-बिप उच्चारला, किंवा बाकीच्यांना तुझ्याशी बोलायला मनाई केली, तर तिथे पुन्हा जाऊ नकोस आणि भिऊ नकोस. त्यांच्या गटाबाहेर तारण नाही असं म्हणायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

नाशिकला गेलीस तर महिन्याभरात मंडळी शोध. उपदेश किती जोरदार आहे यावर जाऊ नकोस. वर्षाचा हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो का, पाळकांना कोणी प्रश्न विचारू शकतं का, म्हातारी आणि गरीब माणसं पुढच्या बाकांवर दिसतात का, हे बघ. शुभवर्तमान रोज थोडं वाच. मार्कापासून सुरू कर, 16 च अध्याय आहेत. येशूने कोणाला काय करायला सांगितलं तिथे पेन्सिलीने खूण करत जा, आणि त्या आठवड्यात त्यातलं एक तरी कर. तुझ्या जोडीला एखादी मैत्रीण असेल तर फारच छान.

आणि हाताला काम असू दे. यापो गावच्या टबीथाला प्रेषितांच्या कृत्यांत सरळ शिष्या म्हटलं आहे. तिने केलेला एकही उपदेश तिथे नाही. ती वारली तेव्हा विधवा रडत आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवू लागल्या. तुझ्या बाबतीत हे वेगळं शोधायला नको. रात्रपाळीत ज्याच्याजवळ कोणी नातेवाईक नाही तो पेशंट, कपडे बदलताना लाजणारी म्हातारी, चुकीची नोंद दुरुस्त करून डॉक्टरांना खरं सांगणं, नव्या मुलीवर न खेकसता तिला शिकवणं. तुला पाठवलेलं आहे ते इथे.

रविवारी ड्युटी लागते आणि उपासना चुकते, म्हणून तू स्वतःला दोष देतेस का हे पत्रात नाही, पण सभा चुकवायची नाही असा नियम असल्यावर तो लागत असणारच. मार्काच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात वाच. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात, सगळे टपून बसलेले असताना येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं, आणि शब्बाथ दिवशी चांगलं करणं योग्य की वाईट करणं, असं त्यांनाच विचारलं. तेव्हा रविवारी आयसीयूत उभी राहिलीस तर निःशंक मनाने राहा. मात्र महिनोन्महिने प्रभूभोजन चुकू देऊ नकोस. तुझ्या ड्युटीचं वेळापत्रक नव्या मंडळीच्या पाळकांना दे आणि आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ते देता येईल का, असं विचार. आजाऱ्यांना ते घरी जाऊन देतातच, तुलाही देतील.

तुझी,
ताई